एकच डुकरीण पाळायचीय? पुणे परिसरातल्या नवख्यांसाठी पहिल्या दिवसापासून पिल्लं विकेपर्यंत

मुळशी, मावळ, पुरंदर, शिरूर या पट्ट्यात एक-दोन एकरवाले बरेच जण हल्ली विचारतात की गाय-म्हैस झेपत नाही, शेळ्यांना चारा पुरत नाही, तर एक डुकरीण घेऊन बघू का, वर्षाला दोन वेतं, वेताला आठ-दहा पिल्लं, हिशोब तर छान दिसतो. हिशोब खोटा नाहीये. पण तो काढलेला असतो पन्नास-शंभर माद्यांच्या फार्मवरून, जिथे नर दावणीलाच आहे, माज ओळखणारा माणूस आहे, एखादी मादी रिकामी राहिली तरी बाकीच्या भरून काढतात. तुमच्याकडे एकच असेल तर तिचा एक माज हुकला म्हणजे तीन आठवडे गेले आणि खाणं चालूच. नर नाही, जोडीला दुसरी मादी नाही, म्हणजे तिच्यात काय बदल होतोय ते सांगणारं दुसरं कुणी नाही, ते तुम्हालाच बघायचंय, रोज. हे जमणार असेल तर एक मादी पाळणं खरंच चांगलं काम आहे, आणि पुढचं सगळं त्याच अंगाने लिहितोय.

आधी शेजार आणि जागा

मादी बघायला जायच्या आधी शेजाऱ्यांशी बोलून घ्या. आपल्याकडे डुक्कर म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर उकिरड्यावर फिरणारं जनावर येतं, त्यामुळे विरोध वासापेक्षा भीतीचा जास्त असतो. बंदिस्त पाळणार, बाहेर सोडणार नाही, सांडपाणी ओढ्यात जाणार नाही, हे आधीच सांगितलं की निम्मं काम होतं. ग्रामपंचायतीत विचारा. महापालिकेच्या हद्दीत असाल तर परवानगीशिवाय भानगडीत पडू नका, गुंठा-दोन गुंठ्याच्या प्लॉटवर तर नाहीच.

बाहेर सोडायचं नाही याला आरोग्याचंही मोठं कारण आहे. माणसाची उघड्यावरची विष्ठा डुकराच्या पोटात गेली की पट्टकृमीच्या अळ्या त्याच्या मांसात गाठी करून बसतात, ते मांस कच्चं राहिलं की कृमी परत माणसात, आणि त्या कृमीची अंडी घाणेरड्या हातातून किंवा पाण्यातून पोटात गेली तर माणसाच्या मेंदूत गाठी होऊन फिट्स येऊ शकतात. बंदिस्त जनावर आणि घरात संडास, एवढ्याने ही साखळी तुटते.

शेड घरापासून, विहिरीपासून लांब आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला. मावळ-मुळशीत भातखाचरं जवळ असतात तिथे डासांचा विचार करा, जपानी मेंदूज्वराचा विषाणू डुकरात वाढतो आणि डासांमार्फत माणसात जातो, गाभण मादीला झाला तर मेलेली, वाळलेली पिल्लं पडतात. शेडभोवती पाणी तुंबू द्यायचं नाही, रात्री जाळी.

एकटी ठेवायची की जोडी?

माझं स्पष्ट मत, परवडत असेल तर दोन घ्या. डुक्कर कळपातलं जनावर आहे, एकटं पडलं की कंटाळतं, गज चावत बसतं, एकाच जागी मान हलवत राहतं. पण दोन माद्या म्हणजे खाणं दुप्पट, जागा दुप्पट, हे सगळ्यांना जमत नाही हेही मान्य. मग एकटीलाच ठेवायचं असेल तर तिचा दिवस भरायला हवा. रोज थोडा भाताचा पेंढा किंवा उसाचं पाचट आत टाका, ती ते उकरत, चावत तासन् तास बसते. एखादा लाकडाचा ओंडका, थोडी मातीची जागा जिथे नाक खुपसता येईल. शेड अशा ठिकाणी की तिला गाय, शेळी, येणारी-जाणारी माणसं दिसतील. पहिल्या वेतानंतर एखादं पिल्लू सोबतीला ठेवलं तर उत्तम, पण मादी पिल्लू किंवा खच्ची केलेलंच. न खच्ची केलेला नर पाच-सहा महिन्यांत आईलाच लावायला बघतो आणि तुम्हाला कळेपर्यंत ती त्याच्यापासून गाभण असते.

आणि तुम्ही स्वतः. सकाळी खाणं टाकून लगेच वळायचं नाही, दहा मिनिटं थांबायचं. हात लावायचा, कानामागे, पाठीवर, पोटाखाली सडांना. सुरुवातीला ती बिचकेल, आठवड्याभरात आडवी पडून पोट पुढे करेल. याचा फायदा माज बघताना होतो आणि सगळ्यात जास्त होतो व्यायच्या रात्री.

शेड

झाकलेली जागा साधारण १० बाय ८ फूट आणि त्याला लागून तेवढंच उघडं अंगण, एका मादीला आणि तिच्या पिल्लांना पुरतं. भिंत चार फूट, मजबूत. कोबा खरखरीत ठेवा, गुळगुळीत कोब्यावर गाभण मादी घसरली की पाय गेला समजा. उतार नालीकडे, नाली खड्ड्याकडे, खड्डा झाकलेला.

दरवाजाकडे लोक लक्ष देत नाहीत आणि पहिला त्रास तिथेच होतो. डुकरीण दार ढकलत नाही, नाकाने खालून उचलते. बिजागरीच्या दोन्ही खुंट्या वर तोंड करून असतील तर दार अलगद निघून बाहेर येतं आणि मादी शेजारच्या भुईमुगात. वरच्या बिजागरीची खुंटी उलटी, म्हणजे खाली तोंड करून बसवून घ्या, मग कितीही उचललं तरी निघत नाही. फॅब्रिकेशनवाल्याला हे सांगावं लागतं, तो नेहमीसारखंच दार करून देतो.

पुण्यात एप्रिल-मेमध्ये पारा ३८-४० पर्यंत जातो आणि डुकराला घाम येऊन अंग थंड करायची सोय जवळजवळ नसतेच. पत्र्याच्या शेडवर पाचट पसरा, ते ओलं ठेवा, दुपारी दोन-तीन वेळा अंगावर पाणी मारा, अंगणात एक उथळ डबकं करून दिलं तर ती स्वतःच सोय बघते. धापा टाकतेय, तोंडाला फेस, उठत नाहीये असं दिसलं तर लगेच सावलीत ओलं करा, पण बर्फाचं पाणी एकदम ओतू नका. पांढऱ्या जातीला ऊन लागून कातडीही भाजते.

पाणी कायम समोर हवं. साध्या दिवसात १५-२० लिटर, दूध पाजणारी मादी ३० लिटरच्या वर सहज पिते. हलकं घमेलं ठेवू नका, दोन मिनिटांत उलटं करून त्यात बसते. सिमेंटची जड कुंडी किंवा निप्पल, म्हणजे तोंडात धरली की पाणी येणारी तोटी.

मादी निवडताना

पाच-सहा महिन्यांची पहिलारू, म्हणजे अजून एकदाही न व्यालेली मादी घ्या. गाभण मादी विकत मिळते आणि मोहही होतो, पण ती कधी, कुठल्या नराकडून फळली हे सांगणाऱ्याच्या शब्दावर सोडावं लागतं, आणि नव्या जागी आणून महिन्याभरात व्यायला लावणं तिच्यासाठीही कठीण. पहिलारू आणली की तिचे एक-दोन माज तुम्हाला नुसते बघायला मिळतात, हे शिक्षण पुढे फार कामी येतं.

आपल्याकडे लार्ज व्हाइट यॉर्कशायर आणि तिचे संकर सगळ्यात जास्त दिसतात, लँडरेस आणि ड्युरॉकचं रक्त असलेलीही मिळतात. देशी काळी मादी कमी पिल्लं देते, वाढ हळू, पण काटक असते आणि पिल्लं सांभाळायला चांगली. पहिल्यांदा पाळणाऱ्याला संकरित बरी. जात कुठलीही असो, सड मोजा. १२ च्या खाली असतील तर सोडून द्या, १४ असतील तर छान, दोन्ही बाजूला सारखे, आत वळलेला किंवा मुका, म्हणजे दूध न येणारा, एकही नको. चालवून बघा, मागचे पाय सरळ पडतायत का. तिची आई बघायला मागा, आईने पिल्लं किती जगवली ते विचारा. लसीचं कार्ड नसेल तर घेऊ नका. बाजारातून अजिबात घेऊ नका, दहा गावची जनावरं एका टेम्पोतून आलेली असतात. आपल्याकडे वडार, कैकाडी समाजात पिढ्यान् पिढ्या डुक्कर पाळणारी मंडळी आहेत, मादी नुसती चालताना बघून तिच्याबद्दल बरंच सांगतात, अशा जाणत्या माणसाला सोबत न्या आणि त्याच्या वेळेचा मान ठेवा.

आणताना संध्याकाळी किंवा पहाटे, पोट रिकामं ठेवून.

खाणं, आणि हॉटेलच्या उरल्यासुरल्याचं काय

रिकाम्या किंवा गाभण मादीला दिवसाला २ ते २.५ किलो खुराक पुरतो. साधारण अर्ध्याच्या वर मका भरडा, मग गव्हाचा कोंडा, सोयाबीन पेंड, मिनरल मिक्स्चर आणि अर्धा टक्का मीठ. गाभणपणात प्रथिनं १४ टक्क्यांच्या आसपास, दूध पाजताना १६-१८. सोबत हिरवा चारा, लसूणघास किंवा कोवळा नेपियर, पोट भरल्यासारखं वाटतं आणि शेण साफ राहतं. लाड करून जास्त खायला घालू नका, लठ्ठ मादी नीट फळत नाही, व्यायला त्रास होतो आणि पिल्लांवर बसते. बोटांनी दाबलं की बरगड्या लागाव्यात पण नुसत्या बघून दिसू नयेत.

बुरशीचा मका स्वस्तात मिळतो, घेऊ नका. त्यातल्या एका विषाने मादीचं अंग माजासारखं सुजतं, माज मात्र खरा नसतो, एकटी मादी असली की यात माणूस हमखास फसतो. कच्चं सोयाबीन पचत नाही, भाजून किंवा पेंड म्हणूनच. हिरवे पडलेले, कोंब आलेले बटाटे नकोत.

हॉटेल, मेस, मंगल कार्यालयातलं उरलेलं अन्न पुण्यात भरपूर मिळतं आणि खर्च वाचतो म्हणून सगळे त्याकडे वळतात. माझं म्हणणं, एका मादीसाठी ते नकोच. आफ्रिकन स्वाइन फीवर हा डुकरांचा जीवघेणा रोग मांसाच्या तुकड्यांतून येतो, आणि हॉटेलच्या बादलीत काय काय पडलंय हे तुम्ही सांगू शकत नाही. वापरायचंच असेल तर शाकाहारी मेसचं, तेही सतत ढवळत तासभर चांगलं उकळून, आणि उकळलेलं आणि कच्चं यांची भांडी वेगळी. दुसरी गोष्ट मिठाची. त्या बादलीत लोणचं, पापड, खारट रस्सा असतो, आणि त्याच दिवशी पाण्याची कुंडी कोरडी पडली तर मादी आंधळ्यासारखी भिंतीला धडकते, झटके येतात, मरतेसुद्धा. असं झालं तर एकदम पोटभर पाणी पाजू नका, थोडं थोडं, आणि डॉक्टर.

वर्षाचा हिशोब धरायचा तर गाभण आणि रिकामे मिळून साधारण २५० दिवस सव्वादोन किलोने, दूध पाजण्याचे ११० दिवस पाच किलोने, म्हणजे एका मादीला वर्षाला ११०० किलोच्या आसपास खुराक. तुमच्याकडच्या दराने गुणा, पिल्लांचं वेगळं धरा, आणि मग ठरवा.

माज ओळखणं

इथे नीट थांबा, एकट्या मादीचं सगळं यावर आहे.

माज दर २१ दिवसांनी येतो, १८ ते २४ धरून चाला, आणि टिकतो दोन-तीन दिवस. आधी एक-दोन दिवस योनी सुजते, लालसर होते, मादी अस्वस्थ, खाणं अर्धवट टाकते, रात्री घुरघुरते, दारापाशी येऊन उभी राहते. ही नुसती सुरुवात असते, यात फळवायला नेलं तर ती नराला उभीच राहत नाही. खरा क्षण पाठ दाबून कळतो. सकाळी खाणं टाकायच्या आधी आणि संध्याकाळी परत, तिच्या मागच्या बाजूला जा, आधी कुशीला आणि पोटाखाली हाताने चोळा, मग दोन्ही तळवे कमरेवर ठेवून अंगाचा भार टाका. माजात नसेल तर ती वैतागून पुढे सरकते, ओरडते. माजात असेल तर जागच्या जागी खिळते, पाठ थोडी वर, चारही पाय घट्ट, कान ताठ, तुम्ही पाठीवर बसलात तरी हलत नाही. सुजेचा रंग एव्हाना थोडा उतरलेला असतो आणि पातळ पाण्यासारखा स्राव चिकट झालेला असतो.

नर जवळ असला की मादी हे सगळं ठळक दाखवते, त्याच्या वासाने आणि आवाजाने. तुमच्याकडे नर नाही म्हणून लक्षणं मंद असतात आणि म्हणून रोज दोन वेळा हात ठेवणं भाग आहे. कोणाच्या फार्मवरून नराच्या अंगाला पुसलेलं फडकं आणायचा सल्ला लोक देतात, उपयोग होतो, पण त्याबरोबर रोगही घरी येतो, मी आणत नाही. शेडमध्ये एक कॅलेंडर लटकवा, माज दिसला की गोल करा आणि लगेच पुढचा २१ वा दिवस मोजून तिथे खूण करा, त्या खुणेच्या तीन दिवस आधीपासून जास्त लक्ष.

पहिल्या माजाला फळवू नका. दुसरा किंवा तिसरा, वय आठ महिन्यांच्या आसपास, वजन शंभर किलोच्या वर गेलेलं.

फळवणं

दोन रस्ते. एक, ओळखीच्या फार्मवरच्या नराकडे न्यायचं. मादी नराकडे नेतात, नर मादीकडे आणत नाहीत, नवी जागा असली की नर वास घेण्यातच वेळ घालवतो. त्या फार्मवर साध्या स्वाइन फीवरची (आफ्रिकन नव्हे, तो वेगळा रोग) लस नियमित होते का, मागच्या दोन-तीन महिन्यांत मरतूक झालीय का, गर्भ पडलेत का, हे स्पष्ट विचारा, आणि उत्तर गोलमोल आलं तर तो माज सोडून द्या. तुमची पहिलारू आणि त्यांचा नर तीन-चार वर्षांचा भला थोरला असेल तरी नको, तिचे मागचे पाय जातात. थंड वेळेला, पाठ दाबून उभी राहिल्यापासून १२ ते २४ तासांत एकदा आणि परत १२ तासांनी दुसऱ्यांदा. परत आल्यावर टेम्पो, बूट, दोर सगळं धुवून घ्यायचं.

दुसरा रस्ता कृत्रिम रेतन. रोगाचा धोका कमी, म्हणून एका मादीवाल्याला हाच बरा, पण सोय कुठे आहे ते माजाच्या आधी शोधून ठेवावं लागतं, माज आल्यावर फोन फिरवून काही होत नाही. शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, औंधला पशुसंवर्धन आयुक्तालय आहे, तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातूनही माहिती मिळते, तिथून सुरुवात करा. डुकराचं वीर्य बहुतेक पातळ स्वरूपात येतं, गाईसारखं गोठवलेलं नाही, आणि ते साधारण १७ अंशांना ठेवावं लागतं. घरच्या फ्रिजमध्ये ठेवलं की खलास. थर्माकोलच्या डब्यात, उन्हापासून लांब, आणि दोन-तीन दिवसांत वापरून टाकायचं. पहिली एक-दोन वेळा डॉक्टरांकडूनच करून घ्या आणि बाजूला उभं राहून शिका. ते करत असताना तुम्ही तिच्या कमरेवर भार टाकून कुशी चोळत राहायचं, ती स्वतःच वीर्य ओढून घेते, दाबून आत सोडायची घाई करायची नाही.

महिना कुठला धरायचा

गाभणपण ११४ दिवसांचं, तीन महिने तीन आठवडे तीन दिवस असं लक्षात राहतं. पुण्याच्या हवेला जमणारं एक गणित देतो. पहिला पाऊस पडून हवा गार झाली की १ जूनच्या आसपास फळवली तर २३ सप्टेंबरच्या सुमारास व्यायेल. आठ आठवड्यांनी, १८ नोव्हेंबरच्या दरम्यान पिल्लं आईच्या दुधावरून तोडली की चार ते सात दिवसांत मादी परत माजावर येते. २५ नोव्हेंबरला फळली तर १९ मार्चला दुसरं वेत, म्हणजे डिसेंबर-जानेवारीच्या कडक थंडीत पिल्लं नाहीत. १४ मेच्या सुमारास पिल्लं तोडली की ती वीस मेच्या आसपास माजावर येईल, तो माज मी सोडून देतो. ऐन उन्हात फळलेली मादी पहिल्या महिन्यात गर्भ गमावू शकते, शिवाय दोन वेतांनंतर तिला अंग धरायला तीन आठवडे मिळतात. पुढचा माज जूनच्या दुसऱ्या आठवड्यात येतो, हवा गार झालेली असते. वर्षाला दोन वेतं होतातच, ओढाताण होत नाही.

फळवल्यावर २१ व्या आणि ४२ व्या दिवसाच्या आसपास परत पाठ दाबून बघा. माज नाही आला तर गाभण धरा. पहिला महिना तिला हलवू नका, पळवू नका, उन्हात ठेवू नका. शेवटचे तीन-चार आठवडे खुराक थोडा वाढवा. व्यायच्या दोन आठवडे आधी जंताचं औषध आणि खरजेचा उपचार, डॉक्टरांना गाभण आहे हे सांगून. स्वाइन फीवरची लस फळवायच्या आधी उरकून घ्या, गाभणपणात नको.

व्यायची रात्र

आठवडाभर आधी शेड धुवून, चुना मारून, वाळवून घ्या. भिंतीपासून वीतभर पुढे आणि जमिनीपासून वीतभर वर जाड पाइप तिन्ही बाजूंनी बसवा, मादी भिंतीला टेकून खाली बसली तरी पिल्लाला निसटायला जागा राहते. पहिल्या दोन-तीन दिवसांत जी पिल्लं जातात त्यातली कितीतरी आईखाली चिरडून जातात, हा पाइप सगळ्यात स्वस्त उपाय आहे. एका कोपऱ्यात पिल्लांची जागा, फळी आडवी लावून, जिथे आई शिरू शकत नाही, आणि वर बल्ब. आईला २० अंश बरे वाटतात आणि नवजात पिल्लाला ३२ ते ३४ लागतात, दोघांना एकाच जागेत सुख देता येत नाही म्हणून हा कोपरा.

व्यायच्या आदल्या दिवशी ती पेंढा तोंडात धरून गोळा करायला लागते, पुढच्या पायाने उकरते, उठ-बस करते. पेंढा द्याच, भरपूर द्या, घरटं करायची तिची ओढ अनावर असते आणि ते केलं की ती शांत होते. सड दाबल्यावर दुधाची धार आली की साधारण २४ तासांत काम सुरू. खुराक कमी करा, कोंडा आणि पाणी जास्त, बद्धकोष्ठ झालेली मादी व्यायला अडते.

लाइट मंद, गर्दी नाही, पोरांना दाखवायला नको. तुम्ही एकटेच, जुने फडके घेऊन बाजूला बसा. पिल्लू साधारण १५-२० मिनिटांनी एक येतं, काही डोक्याकडून, काही पायाकडून, दोन्ही चालतं. तोंडावरचा चिकट पडदा पुसा, अंग कोरडं करा, नाळ फार लांब असेल तर चार बोटं ठेवून दोऱ्याने बांधून कापा, टिंक्चर आयोडीन लावा आणि सरळ सडाला लावा. चीक पहिल्या काही तासांतच पोटात गेला पाहिजे, रोगाशी लढायची ताकद डुकराच्या पिल्लाला आईच्या पोटात मिळत नाही, फक्त चिकातून मिळते, आणि एक दिवस उलटला की आतडं ती घेणं बंद करतं. एखादी पहिलारू घाबरून पिल्लांना चावायला बघते, तेव्हा ती पिल्लं पेंढा घातलेल्या टोपलीत बल्बखाली ठेवा, सगळी झाली आणि ती शांत झाली की एकेक लावा. महिनोन् महिने रोज हात लावलेली मादी इथे तुम्हाला जवळ येऊ देते, अनोळखी हाताला देत नाही.

पाऊण-एक तास जोर लावतेय आणि पिल्लू येत नाही, तर डॉक्टरांना बोलवा. स्वतः हात घालू नका, आणि ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन कुणाच्या सांगण्यावरून टोचू नका, पिल्लू अडकलेलं असताना ते दिलं तर गर्भाशय फाटू शकतं. सगळं झाल्यावर वार पडली का बघा, चार तासांत पडायला हवी, उचलून खोल पुरा. पुढचे तीन दिवस मादीचा ताप मोजा. १०३ फॅरनहाइटच्या वर गेला, कास गरम आणि दगडासारखी, पिल्लं सारखी ओरडतायत, मादी पोटावर झोपून सड लपवतेय, असं दिसलं तर त्याच दिवशी उपचार, सकाळपर्यंत थांबलात तर पिल्लं उपाशी जातात.

पिल्लं

दोन-तीन दिवसांत प्रत्येक पिल्लू आपला सड ठरवतं आणि मग सोडत नाही. पुढच्या सडांना दूध जास्त, म्हणून पहिल्या दिवशी लहान, अशक्त पिल्लांना उचलून पुढे लावत राहा.

लोहाचं इंजेक्शन तिसऱ्या दिवशी, विसरायचं नाही. पिल्लू जन्मतं तेव्हा अंगात लोह असतं साधारण ५० मिलिग्रॅम, रोज लागतं ७, आणि दुधातून मिळतं जेमतेम १. आठवड्यात साठा संपतो, पिल्लं पांढरीफटक पडतात, धापा टाकतात. कोब्यावर वाढणाऱ्या पिल्लाला मातीतून लोह मिळत नाही म्हणून हे. डॉक्टर म्हणाले तर दहा-चौदा दिवसांनी दुसरा डोस. दोन आठवड्यांच्या आसपास नर पिल्लं डॉक्टरांकडून खच्ची करून घ्या, त्याच सुमाराला कोपऱ्यात पिल्लांचा बारीक खुराक आणि पाणी ठेवायला सुरुवात करा. दूध पाजणाऱ्या आईला तिच्या रोजच्या खुराकावर पिल्लामागे पाव किलो किंवा थोडं जास्त, दिवसातून तीन वेळा वाटून. उन्हात ती खात नाही, मग पहाटे आणि रात्री द्या. सहा ते आठ आठवड्यांनी पिल्लं तोडा, आईला बाजूला न्या, पिल्लं जागेवर ठेवा.

रोगराई

आफ्रिकन स्वाइन फीवर भारतात पहिल्यांदा २०२० मध्ये आसाम-अरुणाचलात सापडला, २०२२ मध्ये केरळात वायनाडपर्यंत आला. माणसाला होत नाही, पण डुकराला झाला तर वाचणं जवळजवळ नाही, आणि औषधही नाही. जोरदार ताप, कान-पोट निळं-लाल, अचानक मरतूक, असं दिसलं की जनावर कापू नका, विकू नका, कोणाला देऊ नका. २००९ च्या प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगांच्या कायद्यानुसार कळवणं बंधनकारक आहे. दवाखान्यात किंवा १९६२ या टोल फ्री नंबरवर फोन करा. साध्या स्वाइन फीवरची लक्षणंही अशीच दिसतात, त्याची लस मात्र आहे, पिल्लांना सहा ते आठ आठवड्यांत आणि मादीला वर्षाला एकदा. लाळ-खुरकुताची सहा महिन्यांनी.

एका मादीचा मोठा फायदा हा की दार बंद ठेवणं सोपं आहे. शेडसाठी बूट वेगळे, दारात चुना, पिल्लं घ्यायला आलेला व्यापारी आत येणार नाही, पिल्लं तुम्ही बाहेर आणून दाखवायची. तो त्याच दिवशी चार शेडं फिरून आलेला असतो.

विक्री आणि पुढे

दोन महिन्यांची पिल्लं पाळणाऱ्यांना विकणं नवख्याला सोपं, खुराकाचा खर्च वाढत नाही. गिऱ्हाईक आधी शोधा, पिल्लं दीड महिन्याची झाल्यावर नाही. जिवंत वजनावर किलोने विका, नगावर दिलीत की वजनदार पिल्लांचे पैसे बुडतात. राष्ट्रीय पशुधन अभियानाचं ५० टक्के अनुदान ऐकून बरेच जण उडी घेतात, ते मोठ्या युनिटसाठी आहे, एका मादीला लागू नाही.

पाच-सहा वेतांनंतर पिल्लं कमी व्हायला लागतात, काही मेलेली जन्मतात. त्याआधीच, तिसऱ्या-चौथ्या वेतातली एखादी चांगली मादी पिल्लू मागे ठेवा, १४ सडांचं, सरळ पायाचं, आणि जिचं लोहाचं इंजेक्शन, लस, वजन सगळं तुमच्या कॅलेंडरवर आहे असं. ती आईजवळ वाढते, म्हणजे आईचा एकटेपणाही जातो. फक्त कोणत्या वेताला कुठला नर वापरला ते लिहून ठेवा आणि तिला फळवायची वेळ आली की तिच्या बापाकडे नेऊ नका, दुसऱ्या फार्मवरचा नर किंवा वेगळ्या नराचं वीर्य बघा.